सैल मानेचं वायपर

माझ्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. मीटिंग रूममध्ये उभी राहून सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं होतं मी, ह्या वायपरची मान सैल आहे, वर गेलं की नाचणार. सुपरवायझर हसला. नसीम हसली. मंदा हसली नाही, पण तिनेही ऐकलं नाही. आता जो तो म्हणतो, कुंदाताई बोलली होती खरी. आता म्हणून काय चाटायचंय?

आमच्या हाउसकीपिंगमध्ये किस्से असे साठतात ना, की विचारू नका. काच कितीही ओढून पुसा, कोपऱ्यात थोडं पाणी राहतंच आणि आपण पाठ फिरवली की खाली ओघळतं. डबा खायला बसलो की आमचंही तसंच. एकीचं ओघळलं की दुसरीचं सुरू. बाकीचे किस्से मी पोट धरून सांगते. हे वायपरचे सांगताना हसू अर्ध्यावरच थांबतं. तरी सांगते, कारण दुसरं कोणी सांगेल तर उलटंपालटं सांगेल.

*

आधी मंदा कोण ते ऐका. गोरेगाव पूर्वेला आमची ऑफिसची बिल्डिंग. खालची लॉबी दोन मजले उंच आणि रस्त्याच्या बाजूने अख्खी काच. वरचे मजले बाहेरून दोरीवाले येऊन पुसतात, पण लॉबीची काच आमच्याकडे. आमच्याकडे म्हणजे मंदाकडे. बाई मालवणकडची, उंच, हाडकुळी, बाप गिरणीत होता. जमिनीवर उभी राहून लांब पोलच्या टोकाला वायपर लावायची आणि वरपासून खालपर्यंत एका दमात ओढायची. मागे रेघ नाही, थेंब नाही. काच आहे की नाही तेच कळायचं नाही.

एकदा एका नवीन साहेबाला खरंच नाही कळलं. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात फोन, बोलत बोलत आला आणि सरळ काचेतून बाहेर जायला निघाला. धाडकन आवाज झाला. कॉफी शर्टावर, साहेब नाक धरून खाली. सुर्वे, म्हणजे आमचा सुपरवायझर, बर्फ आणायला पॅन्ट्रीकडे धावला. रिसेप्शनच्या पोरीने खुर्ची ओढत आणली. मंदा पण धावली. मला वाटलं साहेबाला उठवते. तर ती त्याच्या डोक्यावरून काचेकडे बघत उभी.

"नाकाचो डाग पडलो," म्हणाली. "परत पुसूक होया."

किती तरी दिवस आम्ही हे सांगून हसायचो. आता वाटतं, त्या दिवशी काच थोडी मळकी असती तर बरं झालं असतं.

*

कारण पुन्हा कोणी आपटू नये म्हणून ऍडमिनवाल्यांनी काचेला लागून आतून कुंड्यांची रांग लावली. साध्या कुंड्या नाहीत, सिमेंटच्या, माणूस बसेल एवढ्या. त्यात ताडासारखी झाडं. साहेब लोक वाचले. मंदाची जागा गेली.

काच पुसायची म्हणजे काचेसमोर सरळ उभं राहावं लागतं. वायपर म्हणजे काय, एक आडवी पट्टी, पट्टीत रबर, मागे मूठ. साध्या वायपरची मान ताठ असते. समोरून ओढलं तर रबर पूर्ण टेकतं. बाजूला उभं राहून तिरकं ओढलं की अर्धं रबर काच सोडतं आणि रेघा पडतात. मग ते टेकवायला अख्खा पोल खांद्यातून पिळावा लागतो. कुंड्यांमुळे मंदाला रोज तसंच पिळत बसावं लागलं.

खांदा दुखतो हे ती कोणाला सांगेना. आम्हाला कळलं ते केसांवरून. एक दिवस डबा खाऊन झाल्यावर तिने गुपचूप केसांचं रबर नसीमच्या हातात दिलं आणि पाठ करून बसली. नसीम गोवंडीची, तिच्या जिभेला हाड नाही. म्हणाली, "क्या मॅडम, अपुन को नोकर समझा क्या?" मग मंदाने हात वर करून दाखवला. कानापर्यंत आला आणि थांबला. नसीमने तिचा अंबाडा बांधला. त्या दिवसापासून रोज तीच बांधायची.

मी आणि नसीमने एकदा ठरवलं, कुंड्याच सरकवू. पाठ लावून ढकलत होतो तेवढ्यात सुर्वे आला. म्हणाला, "मावशी, हात लावू नका. झाडांना जागा बदललेली सोसत नाही."

मी विचारलं, आणि मंदाला जे चाललंय ते सोसतं का? त्यावर तो म्हणाला, नसेल झेपत तर तिला मुलुंडच्या साइटवर टाकतो, तिथे फक्त फरशी आहे.

झाडाची जागा बदलायची नाही, बाईची बदलायची. बरं, मुलुंड म्हणजे काय ते त्यालाही ठाऊक होतं. मंदाच्या नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलेलं. अंथरुणावरच असतो. तिचं घर आमच्या बिल्डिंगच्या मागच्या चाळीत. दुपारच्या सुट्टीत ती पळत जायची, त्याला भरवून, कूस बदलून, पळत यायची. आपला डबा कधी खायची, कधी नाही. मुलुंडहून ती दुपारी घरी कशी येणार? तिच्यासाठी मुलुंड म्हणजे नोकरी सोडून घरी बसणं.

मग मीच सुर्वेच्या मागे लागले. फिरत्या मानेचं वायपर आण म्हटलं. बाजूला उभं राहिलं तरी त्याची मान वळते आणि रबर सपाट टेकतं. खांदा पिळायला नको. महिनाभर डोकं खाल्लं त्याचं, तेव्हा कबूल झाला.

*

सप्लायरचा माणूस बॅग भरून आला. टाय लावलेला, गोड बोलणारा. मीटिंग रूमच्या टेबलावर त्याने तीन वायपरं मांडली आणि आम्हाला म्हणाला, ताई, वापरणार तुम्ही, तर पसंत पण तुम्हीच करा. एवढा मान आम्हाला कधी मिळाला नव्हता. तिथेच सगळ्या बिघडल्या.

नसीमने एकेक वायपर उचलून कानाशी धरून हलवलं. सुर्वे म्हणाला, नारळ घ्यायला आलीस का? ती म्हणाली, आवाज आला म्हणजे आत काहीतरी सुटं आहे. मंदा प्रत्येकाची मान दोन बोटांत धरून फिरवायची, भेंडीचं टोक मोडून बघतात तशी. बाजारात भाजी घ्यायची जी रीत, तीच लावली सगळ्यांनी.

पहिल्याची मान घट्ट, स्क्रूने आवळायची. तिसऱ्याला बटण होतं, हवी तिथे मान अडकवून ठेवायचं, पण ते दगडासारखं जड. मधलं मात्र हलकं, निळं, चकचकीत. त्याची मान बोट लावलं तरी वळायची. माणसाने ते मीटिंग रूमच्या काचेवर छातीच्या उंचीवर फिरवून दाखवलं. डावीकडे, उजवीकडे, साप चालावा तसं. नसीम म्हणाली, "मक्खन है रे."

मी म्हटलं, छातीशी काय कोणीही मक्खन असतं. पोलला लावा, लॉबीत चला, वर नेऊन दाखवा. हातात एवढीशी सैल लागते ती मान पोलच्या टोकावर गेली की वाऱ्यावर पताका फडफडावी तशी फडफडणार. माणूस म्हणाला, ताई, पोल आणला नाही. सुर्वे म्हणाला, "कुंदामावशी, तुम्ही अंगठ्याच्या मशीनलाही नाही म्हणाला होता. चहाच्या मशीनलाही."

म्हटलं होतं. चहा आजही पाणचट येतो. पण तो मुद्दा वेगळा.

मी मंदाकडे वळले. तिला म्हटलं, ते बटणवालं घे. जड आहे पण जागेवर राहील. तिने ते उचललं, हात लांब करून धरलं, आणि तिचा चेहरा बदलला. खाली ठेवून निळं उचललं.

"तुका सगळ्यात खोटच दिसता गो," म्हणाली. "माझ्या खांद्याक विचार. हलका आसा ता."

तिच्या खांद्याला मी काय विचारणार? निळं आलं.

*

पहिल्या दिवशी लॉबीत आम्ही सगळ्या बघायला उभ्या. मंदाने साबणपाणी लावलं, निळं वायपर पोलला बसवलं आणि वर नेलं. काचेला टेकेपर्यंत त्याने दोन गिरक्या घेतल्या. खालून बघताना वाटायचं वर कोणी पाखरू धरून ठेवलंय. टेकलं एकदाचं, पण ओढायला लागली तशी मान अचानक उलटी वळली आणि पट्टीवर साठलेलं सगळं साबणपाणी खाली आलं. खाली सुर्वे उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. नवीन वायपर कसं चालतं त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता.

तो व्हिडिओ त्याने कोणाला दाखवला नाही. पण शेवटी त्यात नसीमचं हसणं आहे म्हणतात.

मी म्हटलं, आता तरी परत कर. तो म्हणाला, हात बसेल हळूहळू. आणलं ते आणलं, लगेच परत केलं तर वरचे विचारतील पसंत कोणी केलं.

नसीमने मग स्वतःच्या केसांचं काळं रबर काढलं आणि त्या मानेला दोन वेढे घालून आवळलं. मान वळायची, पण जरा अडून, विचार करून वळायची. मंदाने ओढून बघितलं. वाकडा चेहरा सरळ झाला तिचा. रेघ नाही, गिरकी नाही. नसीम त्या दिवशी केस मोकळे सोडून हिंडली आणि लिफ्टमधल्या एका पोराने तिला विचारलं, मॅडम कुठल्या फ्लोअरला? पहिल्यांदा कोणीतरी मॅडम म्हटलं तिला. ते रबर तिने परत मागितलं नाही.

*

पण केसांचं रबर ते. पाण्याने, साबणाने सैल पडायचं. नसीम नवं लावायची, ते चार दिवस चालायचं. सुट्टीच्या दिवशी मंदा शेजारणीला नवऱ्याजवळ बसवून आली आणि आम्ही दोघी घाटकोपरला गेलो. तिथे साफसफाईच्या सामानाचं एक दुकान आहे असं मला कोणी तरी सांगितलं होतं.

शेठने आम्हाला बघूनच सांगितलं, बेन, फरशीचं वायपर बाहेर लटकलंय. म्हटलं, काचेचं दाखव, मान फिरणारं. त्याने टेबलावर ढीग घातला. ह्या वेळी मी कोणाला टेबलावर पसंत करू दिलं नाही. मी म्हटलं, शेठ, पोल दे, पाणी दे, आम्ही तुझ्या दुकानाच्या काचेवरच वर नेऊन बघतो. तो बघतच राहिला. मंदाने एकेक लावून त्याची काच वरपासून खालपर्यंत पुसली. पुसता पुसता शेठ खुर्ची घेऊन बाहेर येऊन बसला. मग म्हणाला, वरचा बोर्ड पण बघा जमतं का. तोही पुसला. शेजारचा मिठाईवाला येऊन विचारायला लागला, ह्या बायका कुठून मागवल्या?

आणि सापडलं. बटण दाबलं की मान सुटी, सोडलं की जिथे आहे तिथे घट्ट. आणि हलकं. मंदाने ते खांद्याच्या वर धरलं, नुसतं धरून उभी राहिली. मला म्हणाली, दुखत नाही. काच पुसताना तिच्या तोंडून तो शब्द कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

शेठ खूश होता. म्हणाला, घेऊन जा, आठवडाभर चालवून बघा, आवडलं तर साहेबांना बिल मागवायला सांगा. आम्ही दोघी रस्त्यात वेड्यासारख्या हसत होतो. मंदाने ते पिशवीत नाही घातलं, हातातच धरून नेलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर सिक्युरिटीने अडवलं. बाहेरची वस्तू आत न्यायची तर गेटपास पाहिजे, सुर्वे साहेबांच्या सहीचा. सुर्वेला बोलावलं. त्याने वायपर हातात घेतलं, बटण दाबून बघितलं, त्यालाही कळलं. तोंडावरून दिसत होतं कळलं ते. पण सही केली असती तर आधीचं चुकलं हे कबूल झालं असतं. म्हणाला, बघू, वर विचारतो.

वर म्हणजे कुठे, देव जाणे. ते वायपर वॉचमनच्या केबिनमध्ये उभं राहिलं. वॉचमन दुपारी त्याने पाठ खाजवायचा. मंदा रोज सकाळी आत शिरताना केबिनच्या खिडकीतून एकदा त्याच्याकडे बघायची आणि काही न बोलता निळं घ्यायला स्टोअरमध्ये जायची.

मी मात्र बोलायचे. वॉचमनला, सुर्वेला, लिफ्टला. उपयोग शून्य. शेवटी मीच ते घाटकोपरला परत देऊन आले. शेठने विचारलं, पसंत नाही पडलं? मी म्हटलं, पसंत पडलं म्हणूनच परत आलंय. त्याला काही कळलं नाही.

*

मग कंपनीचे मोठे साहेब येणार म्हणून गडबड उडाली. सकाळपासून सुर्वे चेंडूसारखा उसळत होता. मंदा शेवटचा हात मारायला पोल घेऊन निघाली तेव्हा त्याचं लक्ष निळ्या वायपरकडे गेलं. मानेवर नसीमचं काळं रबर, त्यात दोन केस अडकलेले.

म्हणाला, हे असलं जुगाड कोणी बघितलं तर माझी वाट लागेल. रबर ओढून काढलं आणि खिशात टाकलं. मंदा म्हणाली, राहू द्या आजच्या दिवस. तो म्हणाला, "आजच्या दिवसच नको. उद्या परत लावा."

मी जिन्यावर कठडा पुसत होते. वरून सगळं दिसत होतं. मंदा कुंड्यांच्या बाजूला उभी राहिली, वायपर अगदी वरच्या कडेला नेलं आणि मान फिरली. गर्रकन. पट्टीचं लोखंडी टोक काचेवर आपटणार हे तिला दिसलं आणि तिने पोल मागे खेचला. दुखऱ्या खांद्याने, पूर्ण जोर लावून. तरी टोक लागलंच. टक् असा बारीक आवाज. कोपऱ्यातून केसाएवढी चीर गेली काचेत.

ती ओरडली नाही. पोल हळूच जमिनीवर ठेवला, कुंडीला धरून खाली बसली. मी जिना उतरून पोचते तोवर दार उघडलं आणि साहेबांचा ताफा आत आला. सुर्वेने मला हाताने इशारा केला, हलू नका. मोठे साहेब लॉबीच्या मध्ये थांबले, वर बघितलं आणि बरोबरच्याला म्हणाले, "काच काय सुरेख ठेवली आहे."

मंदा कुंडीमागे खांदा धरून बसली होती.

*

आता लॉबीची काच मी पुसते. चिरलेली बदलून नवी बसवली. वायपर बटणाचं आलं, लगेच आलं, सही वगैरे काही अडलं नाही. मंदाला डॉक्टरने पोल कायमचा बंद सांगितला. मुलुंडला जाते का विचारलं तिला. ती कशी जाणार? घरी आहे. मी अधूनमधून जाते. ती नवऱ्याला डाव्या हाताने भरवते. बटणाचं वायपर आलं हे मी तिला सांगितलं नाही, नसीमने सांगितलं. नसीमला मी म्हटलं होतं, सांगू नको.

*

ह्या सगळ्यातला मोठा किस्सा अजून सांगायचाच आहे.

चीर दिसल्यावर कंत्राटदार कंपनीचा साहेब चौकशीला आला. पॅन्ट्रीत आम्हाला सगळ्यांना उभं केलं. मंदालाही घरून बोलावलं होतं. ती आली, हात पदराच्या झोळीत बांधलेला, केस मोकळेच. नसीमने तिला खुर्ची दिली आणि मागे उभी राहून, साहेबासमोरच, तिचा अंबाडा बांधायला घेतला.

साहेब म्हणाला, एवढी मोठी काच गेली, वरून विचारणा झाली आहे, कोणाचं तरी नाव सांगावं लागेल. हे वायपर पसंत कोणी केलं?

सुर्वे म्हणाला, मी फक्त मागवलं, हाताळून बघितलं ते मावश्यांनी. नसीम म्हणाली, मी फक्त कानाशी हलवलं. मी म्हणाले, मी नाही म्हणत होते, विचारा कोणालाही. साहेब म्हणाला, नाही म्हणणारे नकोत, हो कोण म्हणालं?

सुर्वे जमिनीकडे बघत होता. खिशात हात होता त्याचा. मला माहीत होतं कशासाठी घातला होता तो हात. मी तोंड उघडलं, रबर कोणी काढलं ते सांगायला.

"गप गो, कुंदा," मंदा म्हणाली.

मग साहेबाकडे बघून म्हणाली, "माझ्या काचेर काय फिरवूचा ता दुसरो कोण ठरवतलो?"

साहेबाला मालवणी कळली नाही. त्याने सुर्वेकडे बघितलं. सुर्वेने मान वर केली नाही. साहेब परत तिच्याकडे वळला आणि म्हणाला, बाई, सरळ सांगा, नाव कोणाचं देऊ?

नसीमचे हात थांबले होते. मंदा खुर्चीत ताठ बसली.

"मंदा," म्हणाली.